गाडी पीतच नाही

द्वारका, नवी दिल्ली

ती. बाबांना रेवतीचा नमस्कार.

नव्या गाडीचं विचारलंत. उंच आहे, ऐसपैस आहे. सीट इतकी आरामशीर की यांची कंबर आता दुखत नाही. आईला मात्र चढताना पाट लागेल! तिचा गुडघा कसा आहे?

अ‍ॅव्हरेजचं कोडंच आहे. हे रोज डबा घेऊन फरीदाबादला ऑफिसला जातात. महिन्यापूर्वी टाकी फुल केली, पण डिझेलचा काटा जेमतेम हललाय. विचारलं तर म्हणाले, "गाडी बिल्कुल पीतच नाही, यार."

काल दुपारी शेजारच्या सुनंदाताईंना आपली गाडी सोसायटीमागच्या झाडाखाली दिसली. हे आत झोपले होते.

मी डबा देतेच आहे. तुम्ही यांना एकदा सहज फोन करा ना. ऑफिसचं विचारू नका, गाडीचंच विचारा.

तुमची,
रेवती