हंसतळ्यावर न उतरल्याची हकिकत

मंगळवार, १८ मार्च १९८६

आदरणीय हाल्वर दाजी,

धाकट्या मेहुण्याचा नमस्कार. (साष्टांगच घातला असता, पण सध्या गुडघे वाकत नाहीत. विशेष काही नाही, थंडी.) तुमची कंबर कशी आहे? सॉल्वेगताई अजून तिला अस्वलाच्या चरबीचं मलम चोळत असेल, तर कंबर बरी झाली नाही तरी पाहुणे येणं बंद झालं असेल, तेवढाच फायदा. ताईची प्रकृती विचारत नाही. मागच्या आठवड्यात फोनवर तिने मला जे सुनावलं, ते प्रकृती ठणठणीत असल्याशिवाय एका दमात सुनावता येत नाही. तिने पाठवलेला धुरी दिलेला सामन मासा मिळाला आणि संपलाही.

म्हातारी सुखरूप आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पत्र फोडल्यावर तुम्ही पहिल्यांदा तेच शोधणार. चाळीस वर्षं उडवून तुम्हीच 'म्हातारी' नाव ठेवलेलं विमान गेल्या मार्चमध्ये माझ्या हवाली केलंत, तेव्हा पंख्यावर हात ठेवायला लावून माझ्याकडून शपथ घेतलीत, की जिथे उतरायला बंदी आहे तिथे तिच्या चाकांऐवजी लावलेल्या स्की टेकवणार नाही. टेकवली तर विमान परत तुमच्या अंगणात आणि माझं तोंड तुमच्या दारात दिसणार नाही. ती शपथ मी विसरलेलो नाही. शिवाय विसरायची सोयही नाही, कारण आमच्या अभयारण्याच्या अधिकारी वासिलीसाबाई अधूनमधून आठवण करून देतात. जानेवारीत मी त्या रानमेंढ्यांच्या राखीव कुरणावर उतरलो होतो ना (इंजिन खोकत होतं, हे मी आजही सांगतो), तेव्हा त्यांनी शांतपणे चहा पाजला आणि म्हणाल्या, "एर्लेंडभाऊ, आता पुढच्या खेपेला मी तुमच्याशी बोलणारच नाही. विमानाला दोर बांधीन आणि घेऊन जाईन." त्या हसत नव्हत्या, दाजी. मला तेव्हापासून झोप नीट लागत नाही. म्हातारी गेली तर वरच्या खोऱ्यातल्या सापळे लावणाऱ्या शिकाऱ्यांचं टपाल आणि चुली कोण पोचवणार, हा एक प्रश्न. आणि मी काय करणार, हा त्याहून मोठा.

म्हणून सांगतो, हा हिवाळा मी संन्याशासारखा काढला. आता मार्चचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. दिवस लांबलेला, वारा पडलेला, खाली दुधावरच्या सायीसारखा अखंड बर्फ, आणि जिथे जिथे उतरावंसं वाटतं तिथे तिथे नकाशावर लाल रेघ मारलेली! लाल रेघा मारणाऱ्याला जागेची पारख आहे, एवढं मान्य करायला हवं. उतरायला चांगली अशी एकही जागा त्याने मोकळी सोडलेली नाही. धबधब्यावरच्या त्या सपाट कड्यावरून मी महिन्यात अकरा वेळा गेलो आणि अकराही वेळा मान वळवून घेतली. (पाच वेळा खाली ढग होते, पण मान वळवलीच.)

शनिवारी मात्र परीक्षा झाली. मात्र्योनाआजीच्या खोपटावर तिच्या कुत्र्यांचं खाणं उतरवून परत येत होतो. वाटेत हंसतळं लागलं. तिथे बारा महिने बंदी, कारण ते हंसांचं. हंस सध्या दक्षिणेत मजा मारताहेत, एप्रिलशिवाय येत नाहीत, पण रुमाल टाकून जागा धरून ठेवलेली. आणि त्या तळ्यातले ट्राउट मासे, दाजी, मांडीएवढे असतात म्हणे. मी वरून एक फेरी मारली. निव्वळ बघायला. मग दुसरी, पहिल्या फेरीत बघायचं राहिलं ते बघायला.

तुम्हीच शिकवलंय की अनोळखी बर्फावर आधी स्की नुसती घासत न्यायची, थांबायचं नाही, वेग तसाच ठेवून पुन्हा वर उठायचं आणि वळून आपलेच चरे बघायचे. चरे काळे पडले तर बर्फाखाली पाणी आहे, पांढरे राहिले तर कोरडं. ही सवय हाताला इतकी लागलीय की माझा विचार पूर्ण व्हायच्या आत हाताने स्की घासून आणली. पण घासणं म्हणजे उतरणं नव्हे! मी थांबलो नाही, इंजिन बंद केलं नाही, पाय खाली ठेवला नाही. शेजारच्या भिंतीला बोट लावून पाहिलं म्हणून कोणी घरात घुसला असं म्हणत नाही. चरे पांढरेशुभ्र राहिले. मी त्यांच्याकडे पाहिलं, शपथ आठवली, डोळ्यांत पाणी आलं आणि नाक सरळ घराकडे वळवलं. सांगायला अभिमान वाटतो की तुमचा मेहुणा शेवटी माणसात आला.

बाकी सर्व क्षेम. ताईला नमस्कार आणि कुत्र्याला गोंजारणं.

तुमचा आज्ञाधारक,
एर्लेंड

ता. क. – वर "नाक घराकडे वळवलं" असं लिहिलंय ते खरं आहे. नाकाने मात्र तसंच राहायला हवं होतं. झालं असं की वळता वळता मी खाली पाहिलं, तर तळ्याच्या मधोमध माझे दोन चरे, रेघ मारल्यासारखे सरळ, दहा मैलांवरून दिसावेत असे. वासिलीसाबाई दर गुरुवारी वरून फेरी मारतात. आकाशात ढगाचा पत्ता नाही, म्हणजे नवा बर्फ पडून चरे बुजायची आशा नाही. मग चरे पुसायला हवेत, आणि पुसायचे तर खाली उतरायला हवं. हे मला त्या क्षणी इतकं सरळ वाटलं, की ते आता कागदावर लिहिताना का वाटत नाही, कळत नाही.

उतरलो. सूचिपर्णी झाडाची फांदी तोडून दोन तास झाडत बसलो. चरे गेले. त्यांच्या जागी बर्फावर चालायच्या माझ्या जाळीच्या चपलांचे ठसे आले, फांदीचे फराटे आले, आणि उतरतानाचे नवे चरे होतेच. तोवर म्हातारीच्या स्कीखाली पाणी. मी चरे तपासले होते मधोमध, विमान उभं केलं होतं काठाला. संध्याकाळपर्यंत पाण्याचा बर्फ झाला आणि दोन्ही स्की हातभर बर्फात गच्च. स्कीखाली ओंडके घालायचे असतात, हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. पण मी "उतरलोच नाहीये, पाच मिनिटांत निघायचंय" या भ्रमात होतो. आज चौथा दिवस. रेडिओ उघडला तर अर्ध्या अलास्काला कळेल, म्हणून हे पत्र.

ता. क. २ – पत्र मात्र्योनाआजी आणून देईल. ती आज सकाळी कुत्र्यांच्या गाडीवरून इथून तुमच्या बाजूला चालली होती, मला पाहून थांबली आणि म्हणाली, "अरे मेल्या, इथं उतरायला बंदी आहे ना?" मी म्हटलं, "आजी, मी पुसायला आलोय." त्यावर ती इतकी हसली की कुत्री भुंकायला लागली.

तेव्हा दाजी, पाया पडतो. जॅक, कुऱ्हाड आणि दोन फळ्या घेऊन आजच्या आज आजीबरोबर निघा. कुत्र्यांच्या गाडीला इथे बंदी नाही. एक माणूस उचलायला आणि एक खणायला लागतो. तुम्ही नुसतं सांगत उभे राहिलात तरी चालेल. गुरुवारी सकाळच्या आत म्हातारी इथून उठली नाही, तर ती जप्त होईल, आणि ते माझ्याने बघवणार नाही. शपथ मोडली, हे कबूल. लाज वाटते, हेही कबूल. शिव्या इथे येऊन द्या.

ता. क. ३ – ताईला कंबरेचं काय सांगून निघायचं, याची चिंता नको; ते तुम्हाला सवयीचं आहे. ओंडके शोधायला आत्ता काठावरच्या झाडीत शिरलो, तर एका बुंध्याला कॉफीचा डबा टांगलेला सापडला. आत गळ, ताई नाताळच्याही आधीपासून शोधतेय तो तुमचा वाचायचा चष्मा, आणि तुमच्या अक्षरातली एक वही: तारीख, बर्फाची जाडी, ट्राउट किती. सलग सात हिवाळे, दाजी. विमान माझ्याकडे आल्यावरच्या नोंदींपुढे "आजीची कुत्री" असं लिहिलंय, म्हणजे आजी का हसत होती तेही कळलं. विमानाने आल्याची शेवटची नोंद गेल्या वर्षी नऊ मार्चची आहे. माझ्याकडून शपथ घेतलीत ती दहाला.

वही मी कोटाच्या आतल्या खिशात जपून ठेवली आहे. ताईला माझा नमस्कार सध्या तुम्हीच सांगा; मला येऊन सांगायची वेळ आणू नका.