बैलाला मिठाच्या गुळण्या

माय, तुला जाऊन एकतीस वर्षं झाली आणि आज मला तुझ्यापुढे एक चूक कबूल करायची आहे. पुस्तकी मराठी लिहितोय म्हणून हसू नको. पेन हातात घेतला की माझी वऱ्हाडी पळून जाते, बोलतो मात्र अजून तुझ्यासारखंच. रिटायर होऊन सहा वर्षं झाली. घर अमरावतीला आहे, पण घरी बसवत नाही, म्हणून रोज सकाळी वलगावला जातो आणि विहाराशेजारच्या खोलीत नऊ ते बारा फुकट पेशंट बघतो. तुझी सून म्हणते, घरातलं काम सांगितलं की यांना समाजसेवा आठवते. अगदीच खोटं नाही ते.

हिवरखेडचे दिवस आठवतात का गं? मी नुकताच डॉक्टर होऊन तिथल्या आरोग्य केंद्रात लागलो होतो आणि अंगात नुसती मस्ती होती. पेशंटनं तोंड उघडलं की मी चिठ्ठी लिहायला घ्यायचो. कधीपासून? ताप आहे? ठीक, पुढचा या. दुपारपर्यंत साठ माणसं उडवायचो. तू अकोल्याहून चार दिवस राहायला आलीस. जन्मभर दवाखान्यात आया म्हणून राबलेली बाई, तू कसली घरात बसतेस? व्हरांड्यातल्या बाकावर तूर निवडत बसलीस. माझ्याकडून चिठ्ठी घेऊन निघालेला प्रत्येक माणूस तुझ्याजवळ टेकतोय आणि उरलेलं दुखणं तुला सांगतोय, हे मला खिडकीतून दिसतंय, आणि मी मूर्ख मनात म्हणतोय, बघा, माझी माय किती माणसाळू आहे! संध्याकाळी भाकर थापता थापता तू माझी मस्ती चांगली उतरवलीस.

"काहून रे पोट्ट्या, साठ लोक तपासले म्हणतं, मंग ते मले काहून सांगून राहिले?"

"लोकाइले बोलाची सवयच असते, माय."

"त्या निळ्या लुगड्याच्या बुढीले तिची सून जेवाले देत नाही. अन तू तिले भूक लागाचं औषध देल्लं!"

दुसऱ्या दिवशी तू स्टूल घेऊन थेट माझ्या खोलीत ठाण मांडलंस. पेशंटला मध्येच तोडायला मी तोंड उघडलं की तू मोठ्यानं खोकायचीस. चौथ्या दिवशी तुलाच खोकल्याचं औषध द्यावं लागलं, पण मी सुधारलो. पुढे जे काही नाव झालं ते त्या खोकल्याच्या जोरावर, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही.

आता खरी भानगड ऐक. दोनेक वर्षांपासून मला ऐकू कमी येतं. कुकरच्या शिट्ट्यांवर लक्ष ठेवायचं काम तुझ्या सुनेनं माझ्याकडे दिलं होतं, तीन वेळा डाळ करपल्यावर ते काढून घेतलं. मी म्हणालो, कुकरच बिघडलाय. नवा कुकर आणला, त्यातही डाळ करपली. पण कबूल करेन तर शपथ! चाळीस वर्षं लोकांच्या कानात बॅटरी मारून बघितलेला माणूस मी, दुसऱ्या डॉक्टरपुढे स्वतःचा कान धरायचा म्हणजे नाक कापल्यासारखं वाटायचं. वलगावच्या खोलीत मी युक्ती काढली. पेशंट बोलायला लागला की पुढे झुकायचं, त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचं, आणि तो पूर्ण थांबेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. आणि गंमत बघ, गर्दी वाढली! मोर्शीहून माणसं यायला लागली. "बुढा डॉक्टर पुरं आयकून घेते," असं गावभर झालं, आणि मीही लाज सोडून फुगलो.

एकदा एक शेतकरी आला. बीपी वाढलेलं, चेहरा उतरलेला. काय होतंय विचारलं तर त्याच्या बोलण्यातलं "परवापासून" आणि "बसला" एवढंच मला लागलं. मधला शब्द मी माझ्या अकलेनं भरला आणि म्हणालो, "कोमट पाण्यात मीठ टाकून दिवसातून तीन वेळा गुळण्या. अन आठ दिवस बोलणं एकदम बंद." तो माणूस घसा ताणून म्हणाला, "बैल बसला जी माहा! त्याले गुळण्या कशा कराले लावू? अन बोलत तं तो तसाही नाही!" बाहेरच्या बाकावर हशा पिकला. मीही खो खो हसून "मजा केली तुमची" म्हणून वेळ मारून नेली आणि जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. बैल दोन दिवसांनी उठला, त्याचंही श्रेय मलाच मिळालं.

तिथंच शहाणा झालो असतो तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. शाळेत खिचडी शिजवणारी एक बाई आली, पस्तिशीची. पदर तोंडाशी धरून, मान खाली घालून काहीतरी पुटपुटली. मी ऐकलं, पाठ. मोठी पातेली उचलते, पाठ दुखणारच. मलम दिलं, ओझं उचलू नका म्हणालो. ती दारापर्यंत गेली, वळली, परत काहीतरी बोलली. मी मान डोलावली. दहा दिवसांनी ती पुन्हा आली. दार स्वतःच लावून घेतलं, माझ्या कानाशी आली आणि ओरडली, "पाठ नाही जी! गाठ! गाठ हाय!" आणि डाव्या छातीवर हात ठेवला. "मलम लावलं तं नुसती आग होऊन राहिली."

माय, त्याच दुपारी तिला अमरावतीला माझ्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे स्वतः घेऊन गेलो. सुई घालून तपासणी झाली. रिपोर्टला आठ दिवस. त्या आठ दिवसांत मला एकच दिसत होतं, तिची दोन लहान लेकरं आणि माझ्या माजामुळे वाया गेलेले तिचे दहा दिवस. जेवण जाईना. तुझ्या सुनेनं विचारलं तर म्हटलं, पित्त झालंय.

रिपोर्ट चांगला आला. साधी गाठ, घाबरायचं कारण नाही. मी भर खोलीत, लोकांसमोर तिला हात जोडले. "बाई, त्या दिवशी मले आयकूच आलं नव्हतं. मी बहिरा होऊन राहिलो. चूक माही."

"मालूम हाय जी," ती म्हणाली. "साऱ्या वलगावले मालूम हाय."

"अन मंग माह्याकडं कायले येता?"

"तुमी मंधात बोलत नाही ना. म्हणून येतो, अन तुमाले आयकू यावं म्हणून सारे मोठ्यानं बोलतात. पण मले ते मोठ्यानं बोलाची लाज वाटली."

बाकावरच्या सगळ्यांनी माना हलवल्या. म्हणजे दोन वर्षं मी त्यांना फसवत होतो आणि ते मला सांभाळून घेत होते! हसावं की रडावं कळेना, मी दोन्ही केलं. संध्याकाळी अमरावतीला जाऊन कानाचं मशीन घेतलं. ते अधूनमधून चिमणीसारखं चिवचिवतं, पण पदराआडचं बोलणंही आता ऐकू येतं.

हे पत्र मी कुठं पाठवणार? तुला सहीपुरतंच लिहिता यायचं, वाचून दाखवायला मलाच यावं लागेल, आणि तेवढी घाई मला नाही. एक मात्र सांगून टाकतो. रिपोर्टची वाट बघायच्या आठ दिवसांत मी बैठकीतला तुझा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. तुझ्याकडे बघायची हिंमत नव्हती. तुझ्या सुनेला सांगितलं, भिंतीला रंग द्यायचाय. काल फोटो सरळ केला तेव्हा तिनं स्वयंपाकघरातून विचारलं, "रंगाचं काय झालं हो?" मला ऐकू आलं नाही असं मी दाखवलं. मशीन कानात होतं.