पांगाऱ्यावरची भोकरी आणि राजाची वेल

२२ ऑगस्ट १९८२, गंगापूर रोड

लंडनहून नंदाचा फोन. तिकिटं काढलीत, आता तरी या. अण्णांचं नेहमीचंच, माझं काय ठेवलंय तिकडं? (पोरं झाल्यापासून मीही नवऱ्याला अण्णाच म्हणते, वहीतसुद्धा सवय जात नाही.) मग लेकीने शेवटचा बाण सोडला. इथे एका राजवाड्याच्या बागेत द्राक्षाची एकच वेल आहे, दोनशे वर्षांची, अजून फळ देते. अण्णांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, पोरगी थापा मारायला शिकली.

दु. जेवताना दोनदा विचारलं, दोनशे म्हणाली का वीस?

२९ ऑगस्ट, दिंडोरी

मळ्यात गेलो. आमच्या विलासचं नि अण्णांचं पुन्हा तेच, विहिरीजवळचा भोकरी द्राक्षांचा तुकडा. बाकी सगळी बाग बिनबियांच्या थॉमसनची, दगडी खांब, तारा, मांडव. हा एवढाच तुकडा सासऱ्यांच्या हातचा, पांगाऱ्याच्या जित्या झाडांवर चढवलेला. विलासचं म्हणणं चूक आहे असं नाही. बियांचं द्राक्ष आता मुंबईचा व्यापारी हातात धरत नाही. वेली थकल्यात, घड येतात ते लहान मुलाच्या मुठीएवढे. काढून टाकू नि मांडव पुरा करू, म्हणतो.

अण्णा म्हणाले, "मी परत येईस्तोवर हात लावायचा नाय."

विलास फावडं उचलून पाटाकडे गेला. रागावला की थेट बापावर जातो. आणि लंडनला जायचं ठरलं हे मला असं कळलं.

५ सप्टेंबर, लंडन

पोचून चार दिवस झाले. नंदाचं घर छान, पण उन्हाला ऊब नाही. बॅग उघडली तर अण्णांच्या धोतराच्या घडीत छाटणीची कात्री. विचारलं, ही कशाला? म्हणाले, असू दे. आता दिवसभर मागे हात बांधून रस्त्याने फिरतात आणि लोकांची कुंपणं तपासतात. शेजारणीच्या भिंतीवरचा वेल बघून म्हणाले, हा कापला कुणी, न्हाव्यानं?

जावई हसून बेजार. मला मात्र त्यांची कीव आली. या माणसाला रिकामं बसवलं की वाळत जातो.

१२ सप्टें.

हॅम्प्टन कोर्ट. नदीकाठचा विटांचा राजवाडा, छपरावर धुराडीच धुराडी. सहा बायका करणारा राजा इथे राहायचा. स्वयंपाकघरातली चूल बघितली, आमची सगळी भावकी एका वेळी जेवली असती. दिवाणखाने, पडदे, छताला रंगवलेले देव. शाळेत इतकी वर्षं इतिहास शिकवला, तो पायाखाली आल्यावर मला भरून आलं. पोरींना फळ्यावर काढून दाखवला होता तो हाच नदीचा काठ. अण्णा पुढे पुढे. प्रत्येक दालनात एकच प्रश्न, वेल कुठंय?

बाग म्हणजे हिरवा गालिचा. झाडं कापून छत्र्यांसारखी केलेली. एक झुडपांचा भुलभुलैया आहे, तिकीट काढून आत जायचं नि वाट चुकायची. अण्णा म्हणाले, पैसे देऊन हरवायचं? ते नाशकात फुकट होतं.

मग ती काचेची खोली. दाराशीच अण्णांनी बूट काढले. नंदा ओशाळली, अण्णा, इथे नाही काढत. पण सासऱ्यांचा नेम होता, छाटणीच्या दिवशी बागेत पायताण घालून जायचं नाही. अण्णांना वाटलं, इतक्या जुन्या वेलीसमोर रोजच छाटणीचा दिवस. मोज्यांवर उभे राहिले. लोक बघत होते. मीही चपला काढल्या, त्यांना एकटं कसं ठेवायचं.

सगळ्या छताभर एकच वेल. काळे घड. खोड आमच्या विहिरीच्या रहाटाच्या खांबाहून जाड. मुळं काचेबाहेर, तिथली जमीन मोकळी ठेवलेली, गवताची काडी नाही. अण्णा ती रिकामी जमीनच बघत बसले. म्हणाले, एका वेलीला एवढी जागा सोडली बघ.

वेल सांभाळणारे गृहस्थ पोक्त, मातीच्या नखांचे. नंदा मध्ये बोलायला. अण्णांनी विचारलं, छाटणी केव्हा? ते म्हणाले, थंडीत, वर्षातून एकदा, ती झोपलेली असते तेव्हा. अण्णांनी पुन्हा विचारायला लावलं. ऑक्टोबरची? एप्रिलची? नंदाने आपल्या दोन छाटण्या समजावल्या, एप्रिलची काडीसाठी, ऑक्टोबरची फळासाठी, तसे ते गृहस्थ म्हणाले, मग तुमची वेल झोपते कधी?

अण्णा पुन्हा त्या रिकाम्या जमिनीकडे वळले.

निघताना त्यांनी लावायला वेलीची एक काडी मागितली. आपल्याकडे द्राक्षवाल्याने द्राक्षवाल्याकडे काडी मागितली तर नाही म्हणायचं नसतं, वैऱ्यालाही देतात. गृहस्थ ओशाळून म्हणाले, देता येत नाही, नियम आहे. अण्णा नुसते बरं म्हणाले. बूट घालायला मात्र फार वेळ लावला.

तिथली द्राक्षं विकायला होती. घेतली, नदीकाठी बाकावर बसून खाल्ली. जाड साल, आत बी. अण्णांनी पहिलं द्राक्ष मला दिलं. लग्नाच्या पहिल्या साली असाच एक घड टोपीखाली लपवून आणला होता, उन्हाकडच्या अंगाचा, पिवळा पडलेला. पांगारे तेव्हा लालभडक फुलले होते, साळुंक्यांचा नुसता कालवा. भोकरीच्या टोपल्या बैलगाडीने नाशिक रोडला जायच्या, गाडीमागे वास जायचा. ते दिवस मला हवे आहेत. असे कधी कुणाला मिळतात का, पण हवे आहेत.

अण्णा बिया थुंकत नव्हते, रुमालात गोळा करत होते. बियांपासून वेल खरी उतरत नाही, काडीच लावावी लागते, हे गावातल्या पोराटोरांना शिकवणारा हा माणूस. मी माझ्याही बिया त्यांच्या रुमालात टाकल्या.

१९ सप्टें.

विलासचा फोन. वादळी पाऊस झाला, दोन पांगारे उन्मळले, वेलींसकट. मांडववाले गडी आत्ता मोकळे आहेत. आई, तूच सांग त्यांना, म्हणाला. मी फोन अण्णांकडे दिला. मला वाटलं, आता ओरडतील.

शांतपणे म्हणाले, "राहिलेल्या भोकरीची ह्या साली ऑक्टोबर छाटणी करू नको. निजू दे तिला."

पलीकडे विलास काय म्हणाला ऐकू आलं नाही. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, वेलीला निजू दे, आणि मला इतक्या वर्षांत एकदा तरी म्हणालात का? हसले. उद्या सकाळचा चहा मी करतो, म्हणाले. केला. साखर विसरले.

१० ऑक्टोबर, दिंडोरी

परतलो. पडलेले दोन काढलेत, बाकी तुकडा जागेवर. विलासने हात लावलेला नाही. थॉमसनची छाटणी चालू आहे. अख्ख्या गावाला विषय मिळालाय, म्हातारा राजवाडा बघून आला नि छाटायचं विसरला. किसन, आमचा जुना गडी, त्यानेही सुनावलं, "अण्णा, आपल्याकडं थंडी नाय तशी. दिवा लावून कोन निजतं व्हय?"

अण्णांचं नि विलासचं ठरलं. एप्रिल छाटणीनंतर फुटली तर ठेवायची. नाही फुटली तर काढायची, अण्णा आड यायचे नाहीत. एकमेकांकडे न बघता ठरवलं. मी मध्ये पडले नाही.

त्या बिया एका कुंडीत पेरल्यात. अंगणात.

६ जानेवारी १९८३

कडाका आहे. भोकरीची पानं पिवळी पडून गळाली. शेजारच्या थॉमसनवर घड भरतायत आणि मधे हा उघडा तुकडा. विलासला बघवत नाही, वरच्या बांधावरून जातो. अण्णा शाल गुंडाळून तिथे जाऊन बसतात. म्हणाले, निजली बरं का. आवाज हळू. जशी काही पाळण्यातली.

कुंडीत काही नाही.

३ मार्च

पांगारे फुलले. दोन कमी, तरी लाल. अण्णांना मळ्यातच चक्कर आली. विलासने उचलून गाडीत घातलं. डॉ. म्हणाले, हृदय थकलंय, चालणं बंद, मळा तर बंदच. अण्णा मला म्हणाले, मी वेलीला सांगितलं तेच हा मला सांगतो. विनोद केला, पण भिंतीकडे तोंड करून. मी भिऊन गेले आहे. इथे लिहिते, बाहेर कुणाला दाखवत नाही.

८ एप्रिल

आज भोकरीची खरड छाटणी, एप्रिलची. अण्णांनी धोतरातली ती कात्री विलासच्या हातात दिली. काही सांगितलं नाही. नेहमी डोळ्यावर, कोंब फुटतो तिथे, किती ठेवायचं, तिरपं कसं कापायचं, शंभर सूचना. आज एक नाही.

मीही गेले मळ्यात. विलास कायम बूट घालून वावरतो, सापाकिड्याची भीती म्हणतो. आज बांधावर बूट काढून ठेवले नि मग आत गेला. कुणी सांगितलं नव्हतं. मी विहिरीकडे तोंड करून डोळे पुसले.

१७ एप्रिल

थॉमसन फुटली, सगळीकडे पोपटी. भोकरी नाही. किसन म्हणतो, खोड वलं हाय, बघू. विलासने मांडववाल्यांना बोलावलेलं नाही, एवढं खरं.

२२ एप्रिल, गं. रोड

आज एकटी जाऊन आले. चष्मा लावून एकेक काडी बघितली. मोठ्या पांगाऱ्यावरच्या वेलीचे दोन-तीन डोळे फुगलेत. किंवा मला तसं वाटलं. ऊन फार होतं.

अण्णा खिडकीशी खुर्चीत. मी आत येण्याआधीच विचारलं, "फुटली?"

म्हटलं, डोळे फुगलेत.

"फुगलेत का तुला वाटतंय?"

आयुष्यभर पोरींना खरं बोला म्हणून सांगितलं. म्हटलं, वाटतंय. मग म्हणाले, उद्या मला ने. डॉ.चं काय, मी विचारलं. त्याला काय कळतं वेलीतलं, म्हणाले. मी कपाटातून त्यांच्या चपला काढायला उठले, तर म्हणाले, "राहू दे त्या. तिथं काढायच्याच तर हायेत."

विलासला सकाळी गाडी घेऊन ये म्हणून निरोप धाडलाय.