गुडघ्याखालची उशी

४ मार्च
ऑपरेशन होऊन अकरा दिवस. गुडघा नवाकोरा, बाकीची मी जुनीच. डॉक्टर म्हणाले होते, "महिन्याभरात धावाल." कुणाच्या मागे, ते नाही सांगितलं.

व्यायाम घ्यायला एक बाई येतात. मी त्यांचं नाव जल्लाद ठेवलंय. "थोडंसंच दुखेल हं," असं मधाळ आवाजात म्हणतात आणि पाय असा दाबतात की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. आकडे मोजायला ह्यांना बसवलंय. हे पेपर वाचत मोजतात— सहानंतर थेट अकरा. छत्तीस वर्षांच्या संसारात ह्यांच्या वेंधळेपणाचा पहिल्यांदाच फायदा झाला.

खाली माझ्या शिवणाच्या दुकानाला कुलूप. गिऱ्हाइकं फोन करतात. तब्येत विचारतात आणि लगेच ब्लाउज कधी, ते.

६ मार्च
वन्सं आल्या. ह्यांची मोठी बहीण. दोन वर्षांपूर्वी त्यांचंही हेच ऑपरेशन झालं, ह्याच डॉक्टरकडे. "मी तर दहाव्या दिवशी काठी टाकली होती!" आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. तीन मजले चढून आल्या, तरी तोंडाचा पट्टा चालूच.

७ मार्च
दुखतंय. बाकी काही नाही.

९ मार्च
शोध लागला! गुडघ्याखाली उशी घेतली की कळ थांबते. जल्लादची सक्त मनाई— पाय वाकलेलाच आखडतो म्हणे. त्यांचं काय जातंय? त्या तासभर येतात, पाय चोवीस तास माझ्याकडे असतो. बेल वाजली की उशी पलंगाखाली. हेही सामील आहेत.

१३ मार्च
काल वन्संनी सरळ चादर उचलली आणि उशी काखोटीला मारून घरी गेल्या. मी दुसरी घेतली. आज ती पण नेली. आता रोज येणार म्हणतात. हे हाताची उशी करून झोपतात.

मी चिडून बोलले, "तुमचा गुडघा झाला ना बरा? मग दुसऱ्याचं दुखणं बघायला कशाला येता?" त्या उशी घेऊन लगेच निघाल्या. नवलच.

१४ मार्च
आल्याच. कोडगेपणाची कमाल.

१७ मार्च
डॉक्टरांकडे गेलो. खुर्चीतून चौघांनी उचलून उतरवलं, वरातच. पाय सरळ होत नाही. टाच टेकवली तरी गुडघ्याखालून अख्खी मूठ जाते.

"महिन्याभरात सरळ झाला नाही, तर असाच राहील. लंगडत चालाल. उभ्याने काम विसरा."

माझं तर सगळं कामच उभ्याने. कापड बेतायचं ते उंच टेबलावर, दिवसाचे सहा तास. बसून मला साधी बाही बेतता येत नाही. दुकान गेलं तर मी घरात बसून करू काय? ह्यांच्याबरोबर पेपर वाचू?

घाबरले. खरं सांगायचं तर पहिल्यांदाच.

१८ मार्च
ह्यांना पेपरसकट गॅलरीत पाठवलं. आज मीच मोजले. एकही गाळला नाही. रडले, पण मोजत रडले.

२५ मार्च
फक्त दोन बोटं जातात! मग दुपारी कळ आली आणि सोफ्याची उशी घेतली. पाचच मिनिटं म्हणता म्हणता दोन तास झोपले. उठले तर पुन्हा चार बोटं. वन्संनी ती उशीही नेली. आज मी कुठल्या तोंडाने बोलणार?

६ एप्रिल
टाच टेकली, गुडघा टेकला. बोट जात नाही. जल्लाद म्हणाल्या, उद्या जिना.

७ एप्रिल
जल्लादना धरून एकेक पायरी उतरले. पहिल्या मजल्याच्या वळणावर वन्सं पायरीवर बसल्या होत्या. साडी वर घेऊन गुडघा चोळत होत्या. पाय पुढे टाकलेला, पण वाकडा. मला बघून साडी खाली ओढली.

"ह्या रोज इथे बसतात," जल्लाद म्हणाल्या. "वर यायला अर्धा तास लागतो त्यांना. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

वन्सं जिन्याकडे बघत म्हणाल्या, "मलाही उशीनेच बरं वाटायचं गं. काढून घ्यायला घरात कुणी नव्हतं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कशीबशी त्यांच्याशेजारी बसले. कितीतरी वेळ दोघींपैकी कुणीच उठायचं नाव काढलं नाही.