टाकीचं पोट बिघडलं तेव्हा

आई, तुला आणि बाबांना नमस्कार.

मी मजेत आहे. खोकला आहे, पण थोडासाच.

मंडईतला सडका भाजीपाला आम्ही बंद टाकीत घालतो. हवा न लागता तो कुजला की जळणाचा गॅस होतो. परवा गॅस अचानक आटला. साहेब म्हणाले, "टाकी रिकामी करा."

मी म्हटलं, "थांबा, जास्त खाऊन तिचं पोट बिघडलंय. जरा उपाशी ठेवू." तू आम्हाला ठेवायचीस तशी!

ते कसेबसे तयार झाले. मी मात्र सारखी टाकीपाशी जाऊन बघत होते. आज आमच्या गॅसवर चालणाऱ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात पुन्हा निळी ज्योत पेटली. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

बाबा शेजाऱ्यांना अजून मी ऑफिसात बसते असंच सांगतात का? आता खुशाल खरं सांगा म्हणावं.

तुझी,
धाकटी