मेघस्थ चीजवस्तू आणि एक कॅसेट यांची व्यवस्था

मी, खाली सही करणार, वय वर्षे छप्पन्न, धंदा रेडिओ व टेपरेकॉर्डर दुरुस्ती, देहाने यथातथा व बुद्धीने माझ्या मते शाबूत (मेहुण्याचे मत भिन्न असून ते या दस्ताच्या कक्षेबाहेर आहे), कोणाच्याही दडपणाशिवाय, दुकानाचे शटर अर्धे ओढून, माझ्या पश्चातची व्यवस्था लिहून ठेवतो. प्रकृतीची तक्रार नाही. तथापि गेल्या महिन्यात फोनवर "तुमची जागा संपत आली आहे" असा संदेश आला. पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाने असा संदेश, पाठवणारा कोणीही असो, गांभीर्याने घ्यावा.

कलम १. दुकान व त्यामागील दोन खोल्या माझ्या एकुलत्या एक कन्येस. छत गळते, तेही तिलाच. बँकेतील ठेवही तिचीच. त्या ठेवीवरून कलह व्हावा इतकी ती मोठी होणार नाही, याची दक्षता मी आयुष्यभर घेतली आहे.

कलम २. सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, स्क्रू ड्रायव्हर व चिमटे शेजारच्या घड्याळवाल्यास. पैकी बारीक चिमटा त्याने सहा वर्षांपूर्वीच "आत्ता देतो" म्हणून नेलेला असल्यामुळे तेवढी अंमलबजावणी पूर्ण झाली असे समजावे.

कलम ३. माझी उर्वरित मिळकत मेघमंडळात आहे, असा समज आहे. फोन घेतेवेळी विक्रेता वदला होता, "काका, फोटो, आवाज, सगळं आपोआप वर जातं. फुकट! टेन्शनच नाही." वर जाते हे खरे निघाले. फुकट या शब्दास मुदत असते, हे त्याने सांगितले नाही व मी विचारले नाही.

आमच्या घरी खाते एक आणि फोन तीन, अशी पद्धत होती: माझा, कुटुंबाचा, आणि कुटुंबाच्या धाकट्या बंधूचा, जो नोकरी लागेपर्यंत राहावयास आला व नोकरी लागल्यावरही राहिला. या सद्गृहस्थास रोज गच्चीवरून सूर्योदयाचे चित्रीकरण करण्याचे व्यसन आहे. सूर्य प्रतिदिनी तोच असतो हे मी त्याच्या निदर्शनास आणून दिले. तो म्हणाला, "भाऊजी, अँगल वेगळा आहे."

अँगल साठून जागा भरली. भरताच माझी पत्रपेटीही बंद पडली, कारण पत्रे आणि सूर्य एकाच कोठारात होते. गिऱ्हाइकांची पत्रे आल्या पावली परतू लागली. सबब भाडे सुरू केले. तेथे एक खोली कमी पडली तर दुसरी खोली मिळत नाही, थेट महाल घ्यावा लागतो. महालाचे भाडे वर्षाआड वाढते आणि वाढीचे पत्र "आनंदाची बातमी" या मथळ्याखाली येते. शिवाय जागा वाचावी म्हणून छायाचित्रे परस्पर आक्रसली जात होती. कुटुंब निवर्तल्यावर भिंतीसाठी तिची तसबीर मोठी करविली, तेव्हा चष्म्याच्या ठिकाणी दोन ढग उमटले. तसबीर लावली आहे. लांबून पाहावी.

कलम ४. आता मुख्य विषय. कन्येच्या बाळंतपणासाठी कुटुंब परगावी जाऊन राहिली, त्या काळात तिने मला फोनवरून ध्वनिरूप आज्ञा पाठविल्या. "अहो, साखर मधल्या फळीवर आहे. समोरच आहे, म्हणजे तुम्हाला दिसायची नाही." किंवा, "गॅस बंद केलात का? नुसतं हो हो करू नका. उठा आणि बघा." तिच्या आवाजाचे अन्य कोणतेही ध्वनिमुद्रण या भूतलावर नाही. मी जन्मभर इतरांचे टेपरेकॉर्डर दुरुस्त केले, परंतु घरी ते लावण्याचे प्रयोजन कधी पडले नाही, कारण मूळ आवाज घरात होता.

गतवर्षी जागा पुन्हा भरली. मेहुण्याने परोपकारबुद्धीने साफसफाई केली. त्यास वाटले, आपण केवळ आपल्या फोनमधले पुसत आहोत. एका फोनवर पुसले की ते सर्वत्र पुसले जाते, हे शास्त्र त्यास अवगत नव्हते. सूर्य राखले. आज्ञा पुसल्या.

"भाऊजी, ते जुने आवाज होते. मला वाटलं, गिऱ्हाइकांचे टेस्टिंगचे असतील."

मी त्यास त्या रात्रीही जेवायला वाढले. आजतागायत वाढतो. समोरच्या झेरॉक्सवाल्या बाईंनी फोन हाती घेतला, कचऱ्याची पेटी शोधली, म्हणाल्या, "आहेत हो अजून. ही पेटी महिन्याने आपोआप रिकामी होते. नशीब समजा." आणि परत आणून दिल्या. मोबदला घेतला नाही.

त्यानंतर मी करारनामा वाचला. तो वाचणारा मी बहुधा पहिलाच. त्यात म्हटले आहे की खाते खातेदाराबरोबर संपते, वारसास देता येत नाही, आणि भाडे थकल्यास आतील सर्व नष्ट होईल. अर्थात जे मी कन्येस देऊ इच्छितो, ते देण्याचा मला अधिकार नाही. कन्या म्हणाली, "बाबा, तुमचं कार्ड बंद झालं तर मी भरेन भाडं. जन्मभर भरेन. आईचा आवाज आहे तो." आईच्या आवाजासाठी लेकीने परक्यास जन्मभर भाडे द्यावे, हे मला मान्य नाही. तिने एक छदामही भरू नये, ही माझी स्पष्ट आज्ञा.

कलम ५. मेहुण्यास त्याचे समस्त सूर्योदय, भाड्यासह.

कलम ६. सर्व आज्ञा पेन ड्राइव्हवर घेतल्या आहेत. परंतु ज्या वस्तूस स्क्रू नाही तिच्यावर माझी श्रद्धा बसत नाही. म्हणून एक कोरी कॅसेट काढली. फोनला वायर जोडण्यास भोक नव्हते. तो टेपरेकॉर्डरच्या माइकपुढे ठेवला व हवेतून मुद्रण केले. परिणामी दुकानातील पंखा, रस्त्यावरील हॉर्न, आणि "रेडिओ झाला का हो?" असे विचारणारे एक गिऱ्हाईक, हेही त्यात आले. फेरमुद्रण करणार होतो. तत्पूर्वी कन्येने ती ऐकली.

कुटुंब म्हणते, "उठा आणि बघा." त्यानंतर मूळ मुद्रणात काही नाही. कॅसेटमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आहे. मग चपला आत जातात. मग परत येतात. मग माझा आवाज, "बंद आहे गं."

"बाबा, तुम्ही खरंच उठलात?"

"उठलो. बंदच होता."

तिने कॅसेट मागे फिरवून तेवढेच पुन्हा ऐकले. मग म्हणाली, "पुन्हा करू नका. हीच द्या मला."

सबब ही कॅसेट व टेपरेकॉर्डर कन्येस. त्याचा जादा रबरी पट्टा टेबलाच्या डाव्या खणात आहे. कॅसेटच्या पाठीवरील दोन्ही प्लॅस्टिकचे तुकडे मी मोडून टाकले आहेत. आता तिच्यावर कोणासही काही पुसता वा भरता येणार नाही. त्या भोकांवर चिकटपट्टी लावली असता येते. ही माहिती मेहुण्यास कळवू नये.

वरील मजकूर वाचला, मला समजला, व मला मान्य आहे. करारनाम्याबाबत मी असे पूर्वी अनेकदा, न वाचता, म्हटले आहे. या खेपेस ते खरे आहे.

सही: दुकानाच्या पाटीवर आहे तीच

साक्षीदार १: झेरॉक्सवाल्या बाई. (या मजकुराची एक प्रत त्यांनी काढून ठेवली आहे. कागदावर.)
साक्षीदार २: कोपऱ्यावरचा शिंपी. (मेहुण्याची साक्षीदार होण्याची तीव्र इच्छा होती, परंतु लाभार्थीस साक्षीदार करू नये, असा संकेत आहे.)

स्थळ: दुकानाचे मागचे टेबल
दिनांक: महालाचे भाडे कापले गेले तोच दिवस. गॅस बंद आहे. पाहून आलो.