आंधीनंतर तुम्ही चपला घालून गेलात

प्रिय अहो,

नावाने कधी हाक मारली नाही, म्हणून पत्रातही 'अहो'च. काल दुपारी गाझियाबादेत पुन्हा तशीच आंधी, धुळीचं वादळ, आली. आज सकाळी शेजारचे शर्माजी हवाई चप्पल घालून गल्ली साफ करायला निघाले आणि मी फाटकातून त्यांच्यावर ओरडले. सगळ्यांसमोर! ते बिचारे परत जाऊन बूट घालून आले. राग त्यांच्यावर नव्हताच. ज्यांच्यावर आहे, त्यांना लिहितेय.

तीन वर्षांपूर्वी समोरच्या शेताचा प्लॉट झाला होता आणि त्यावर बिल्डरची इमारत चढत होती, आठवतं? त्या वेळच्या आंधीने तिचे पत्रे, काचा, खिळे मारलेल्या फळ्या, सगळं आपल्या गल्लीत आणून टाकलं. वर पाऊस. घोटाभर गढूळ पाणी, खाली काय आहे ते दिसेना.

कोणीतरी हाक मारली, "सुभेदार साहब, ज़रा आइए!" तुम्ही लगेच निघालात.

"अहो, बूट घाला," मी म्हटलं.

"दोन फळ्या उचलायच्यात. लढाईला नाही चाललो."

पलटणीत बुटाची नाडी सुटलेली दिसली तरी पोरांना मैदानाच्या फेऱ्या मारायला लावायचात. तो नियम फक्त दुसऱ्यांच्या पायांसाठी होता का?

तासाभराने परत आलात. दारापासून मोरीपर्यंत फरशीवर लाल ठसे. आणि मी काय म्हणाले? "आत्ताच पुसलीय हो फरशी!" पाय बघितला नाही. फडकं घेऊन तुमचं रक्त पुसलं, तेही चिडचिड करत. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

खिळा चपलेतून थेट आत गेला होता आणि तुम्हाला दुखलंच नव्हतं! साखरेने तळपाय कधीच बधिर झाले होते. तुम्हाला ठाऊक होतं, मला सांगितलं नाहीत. हळद दाबलीत, मोजा चढवलात, झालं. इंजेक्शन घेऊन या म्हटलं तर उत्तर काय? "खिळ्याने सुभेदार मरत नसतो."

पाचव्या दिवशी ताप चढला. नोएडाच्या ऑफिसातून आपला सुनील धावत आला. मोजा काढला तेव्हा त्या वासाने पोरगा भिंतीला टेकला.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, पाय घोट्याच्या वरून काढावा लागेल, आजच. तुम्ही तोंड फिरवलंत. "लंगडा होऊन गावी जाणार नाही."

"गावी कोण चाललंय? इथेच राहू."

"कमल, तू गप्प बस."

आणि मी बसले गप्प. दुसऱ्या दिवशी तुम्ही तापात बरळायला लागलात. डॉक्टरांनी कागद माझ्यापुढे धरला, "आप साइन कर दीजिए, इन्हें होश नहीं है." सुनील म्हणाला, "आई, कर ना सही!" मी म्हटलं, "शुद्धीवर आले की विचारू." तीस वर्षांत तुम्हाला न विचारता घरात साधा पडदा लावला नव्हता मी. पाय कसा कापायला सांगणार होते? संध्याकाळी सही केली. तोवर विष रक्तात पसरलं होतं.

लोक म्हणतात, सुभेदार शेवटपर्यंत ताठ राहिले. ताठ! त्या ताठपणाचं फळ कोण भोगतंय? एका पायाचे तुम्ही मला चालला असतात हो. एवढंसुद्धा कळलं नाही तुम्हाला?

आता मलाही साखर निघालीय. रोज आरसा खाली ठेवून तळपाय तपासते. आज सुनीलला समोर बसवून सांगितलं, "वेळ आली तर माझं ऐकत बसू नकोस. डॉक्टर म्हणतील ते कर." तो रडला. मी नाही रडले.

तुम्हाला वचन देते, मी तुमच्यासारखी मरणार नाही. एका पायावर का होईना, जगेन. आणि त्यासाठी तुमची परवानगी मागणार नाही.

तुमची,
कमल